गाडी आत्याकडे राहते

५ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी पत्र. घरात पेन शोधण्यातच सकाळ गेली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आनंदाची बातमी म्हणजे मी गाडी घेतली. जुनीच आहे, राखाडी. मागच्या डाव्या दाराचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नाही, पण लांबून कळत नाही. साहेब स्पष्टच म्हणाले होते, स्वतःची गाडी असेल तर शहराबाहेरची सगळी चष्म्याची दुकानं तुझी, नसेल तर गोदामात बस आणि फ्रेमा पुस. नमुन्यांच्या पेट्या बसमधून वाहून माझा खांदा कामातून गेलाय, हे तुला माहीत आहेच.

गाडी परवडली, पण विमा परवडेना. दलालाने आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, अहो, गाडीचा विमा पाहिजे, जहाजाचा नको. तो म्हणाला, कंपनी माणूस बघत नाही, पत्ता बघते. तुमच्या भागात गाड्या रस्त्यावरच असतात, चोऱ्या होतात, रोज कोणीतरी कोणाला तरी घासतं. हीच गाडी एखाद्या लहान गावात असती तर हप्ता निम्म्यावर आला असता. तुमचं कोणी नाही का लहान गावात?

आता मला काही खोटं बोलायला जमत नाही. मी म्हटलं, आहे ना, आत्या आहे.

तर कागदोपत्री आपली गाडी तुझ्याकडे राहते. 'रात्री गाडी कुठे असते' या रकान्यात दलालाने 'कुलूपबंद गॅरेज' असं सुरेख अक्षरात लिहिलंय. कंपनीचं एखादं पाकीट तुझ्या पत्त्यावर आलं तर टेबलाच्या खणात टाकून दे. बाकी तुला काही म्हणजे काही करायचं नाही.

सोबत तुझ्यासाठी निळी फ्रेम पाठवतोय, नवीन माल आहे. काचा तेवढ्या तिकडे बसवून घे.

तुझा,
भोंगा

*

१२ फेब्रुवारी

चि. भोंगा यास आशीर्वाद.

गाडी माझ्याकडे राहते हे वाचून धन्य झाले. गेल्या दीड वर्षात तुझं तोंड दिसलेलं नाही, निदान गाडी तरी आत्याला धरून आहे. खाते-पिते का नीट? रात्री उशिरा येत असेल बिचारी, मला चाहूलही लागत नाही.

अरे गाढवा, मी आयुष्यभर लायसन्सच्या परीक्षा घेतल्या. मंत्र्याच्या मेहुण्याला नापास केलं, आपल्या घरमालकाला नापास केलं आणि त्यापायी दोन वर्षं गळक्या छपराखाली काढली. एका कागदावर कधी खोटी सही केली नाही. आणि आता म्हातारपणी तू माझ्या गॅरेजात भुताची गाडी लावतोस? तिथे माझी स्वतःची गाडी आहे. दोन मावत नाहीत.

पैसे वाचवायचे तर सरळ मार्ग काय कमी आहेत? चार कंपन्यांकडे भाव विचार, पहिल्याच दलालाच्या गळ्यात पडू नकोस. महिन्याच्या हप्त्याऐवजी वर्षाचे एकदम भर, त्यात सूट असते. लहानसहान खर्च मी माझा करीन, मोठा झाला तरच तुमच्याकडे येईन, असं लिहून दिलं की ते लगेच नरमतात. चोरी होऊ नये म्हणून चाकाला चांगलं कुलूप लाव. आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे कोणाला धडकू नकोस. वर्षानुवर्षं दावा केला नाही की हप्ता आपोआप उतरत जातो. माझा बघ, चहाच्या खर्चात बसतो.

कोणी विचारलं तर मी खरं तेच सांगेन. तेव्हा तुला एकच वाट आहे, ते खरं करून दाखव. येत्या शनिवारी गाडी घेऊन ये, मी माझी बाहेर काढते.

फ्रेम पोचली. घालून बसते, छान दिसते म्हणतात. आणि जरा मोठं लिहीत जा, कागदावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं.

आत्या

*

२ मार्च

ती. आत्यास नमस्कार.

जाड मार्करने, एका ओळीत तीन-तीन शब्द एवढ्या मोठ्या अक्षरात पत्र आलं, तेव्हाच कळलं की तू भयंकर भडकली आहेस. पाकीट उघडताना कोणीतरी ओरडतंय असंच वाटलं. आत्या, इतकं रागवायचं नसतं गं. सगळेच करतात हे.

शनिवारी यायचंच होतं, पण साहेबांनी एक दुकान गळ्यात मारलं. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे आले. आणि परवा जे झालं ते आता सांगतो, आधी बसून घे.

मी गाडी मागे घेत होतो. मागे फुलवाल्याचं दुकान आहे हे मला माहीत होतं. दुकानाला काच आहे हे माहीत नव्हतं, कारण त्याने ती फारच स्वच्छ ठेवली होती. आत्या, आख्खी दर्शनी काच गेली, जमिनीपासून छतापर्यंत. कोणाला लागलं नाही. फुलवाला रडलाही नाही, झाडू आणून काचा गोळा करायला लागला, ते जास्त वाईट होतं.

काचेचा खर्च एवढा आहे की विमा कंपनीने दिला नाही तर गाडी विकावी लागेल. गाडी गेली की मी गोदामात. म्हणजे आता माझं सगळं एका वाक्यावर आलंय, आणि ते वाक्य तुझ्या तोंडात आहे. कंपनीचा तपासनीस तुझ्याकडे येणार आहे. तो विचारेल, गाडी इथे राहते का. तू फक्त 'हो' म्हण. एक अक्षर, आत्या. त्यापुढे जास्त काही बोलू नकोस, तू बोलायला लागलीस की खरं बाहेर पडतं.

तुझा,
भोंगा

*

९ मार्च

चि. भोंगा यास,

मागे घेताना काय करायचं हे तुला कोणी शिकवलं होतं? मीच ना? मान पूर्ण वळवायची, शंका आली तर उतरून बघायचं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून नुसता हॉर्न वाजवायचास, तेवढंच डोक्यात राहिलेलं दिसतं.

'हो' म्हणायला माझं काही जात नाही. पण ते म्हटलं की आजवर ज्यांना ज्यांना मी नापास केलं, ते सगळे रांगेत उभे राहून विचारतील, बाई, मग आम्ही काय पाप केलं होतं?

तू ये. त्या माणसासमोर स्वतः उभा राहा आणि चूक झाली म्हण. पत्ता बदलून घे, फरकाचे पैसे भर, काय मिळतं ते बघू. मी शेजारी उभी राहीन. तू आलास तर मला बरंच वाटेल. एकटीने त्याच्याशी बोलायचं जरा जिवावर आलंय.

आत्या

*

२१ मार्च

चि. भोंगा यास,

आला नाहीस. तपासनीस मात्र आला. झालं ते सांगते, शिव्या नंतर दे.

दारात उभा राहून 'नमस्कार बाई' म्हणाला आणि मी आवाजावरूनच ओळखला. याला मी दोनदा नापास केला होता, चढावर गाडी मागे सोडायचा. तोच आता कंपनीत साहेब झालाय. घामाघूम झाला होता. म्हणाला, बाई, सकाळपासून तुमच्याच गावात फिरतोय. वरच्या शिंपीणबाईंच्या जिन्याखाली कागदोपत्री आठ जण बसतील एवढी गाडी राहते, आणि पाववाल्याच्या भट्टीशेजारी एक ट्रक. तुमच्या गावात माणसांपेक्षा गाड्या जास्त राहतात आणि रस्त्यावर बघावं तर एक सायकल.

मी चहा दिला. त्याने विचारलं, तुमच्या भाच्याची गाडी रात्री इथे असते?

मी म्हटलं, या गॅरेजात रोज रात्री एक गाडी कुलपात असते. हे अगदी खरं होतं. तिथेच थांबायला हवं होतं ना? थांबलेच होते मी, देवाशप्पथ. पण त्याने वही काढली, आणि लिहायला लागल्यावर माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, थांब, ती गाडी माझी आहे. भाच्याची मी बघितलेलीसुद्धा नाही.

त्याने वही मिटली. म्हणाला, बाई, तुम्ही अजून तशाच आहात. कौतुकाने म्हणाला की कपाळावर हात मारून, ते मला समजलं नाही.

आत्या

*

२५ मार्च

आत्या,

दावा फेटाळला. पॉलिसी रद्द. फुलवाल्याला महिन्याअखेर पैसे हवेत. गाडीला गिऱ्हाईक बघतोय आणि साहेबांनी गोदामाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आहे.

एक अक्षर मागितलं होतं तुझ्याकडे. ते 'हो' तुझ्या घशातून निघालं नाही. मला आता कळलं, तुला माणसं नकोच आहेत, तुला फक्त नापास करायला कोणीतरी समोर हवं असतं, आणि म्हणूनच तू एकटी आहेस.

भोंगा

*

३० मार्च

चि. भोंगा,

माझी गाडी विकली.

पैसे पाठवले आहेत. काच भर. तुझी गाडी विकू नकोस.

नवीन पॉलिसी खऱ्या पत्त्यावर घे.

आत्या

*

१० एप्रिल

स. न.

आपला दावा नाकारणारं कंपनीचं पत्र आपल्याला मिळालंच असेल. हे पत्र कंपनीचं नाही, माझं आहे. याचा जावक क्रमांक नाही, कृपया याला उत्तर म्हणून वकील पाठवू नये.

बाईंची गाडी मी विकत घेतली. कंपनीच्या माणसाने असं करणं बरं दिसत नाही, म्हणून आमच्या साहेबांना विचारून घेतली आणि बाजारभावापेक्षा थोडी जास्त किंमत दिली. ज्या बाईंनी मला चढावर दोनदा रडवलं, त्यांची गाडी आपल्या दारात असावी असं मला फार वाटलं.

गाडी हलवली तेव्हा चाकांखाली फरशीवर टायरचे काळे ठसे उमटलेले होते. बॅटरी केव्हाच मेलेली. ती गाडी वर्षभर तरी गॅरेजाबाहेर गेलेली नाही. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, जायचं कुठे असतं मला?

मला गॅरेज दाखवायला नेताना त्या भिंतीला हात लावत चालल्या. कुलपाचं भोक त्यांना बोटाने शोधावं लागलं. मला वाटलं, अंधार आहे म्हणून. पण विक्रीच्या कागदावर सही करताना त्यांनी माझ्यादेखत टेबलक्लॉथवर सही केली आणि पेन बंद करून म्हणाल्या, झालं. मी तो कागद दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन गेलो, कार्बन नीट उठला नाही असं सांगून. त्यांच्या डोळ्यांवरच्या निळ्या फ्रेमला काचा नाहीत, हे आपल्याला माहीत आहे का?

आपल्या अर्जातली बहुतेक माहिती खोटी निघाली. एक रकाना मात्र मी तपासून पाहिला आणि तो खरा आहे. व्यवसाय: चष्म्याच्या फ्रेमांची विक्री.

तसदीबद्दल माफी.

आपला,
तपासनीस

*

१३ एप्रिल

आत्या,

शनिवारी येतोय. नक्की येतोय, गाडी घेऊन. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी रोज ज्यांच्या दुकानात माल टाकतो त्यांनाच विचारलं, शहरात यांच्यासारखा डोळ्यांचा डॉक्टर नाही म्हणतात. मोतीबिंदू असेल तर फार मोठं काम नाही.

तू मोठ्या अक्षरात लिहीत होतीस आणि मी समजत होतो की तू ओरडते आहेस. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवतो मी, आत्या. आरसा धरतो आणि विचारतो, नीट दिसतंय ना? तुला एकदाही विचारलं नाही. लाज वाटते मला.

आणि मागच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य मनावर घेऊ नकोस. मी रागात होतो. ते खरं नाही. ते लिहिलं तेव्हाही खरं नव्हतं.

तुझा,
भोंगा

*

१८ जून

ती. आत्यास नमस्कार.

पोचलो. बसने यायला उशीर झाला, पण खांदा शाबूत आहे. गाडी तुझ्याकडे ठेवून आलोय, म्हणजे आता कोणी तपासनीस आला तर बेधडक 'हो' म्हण, हवं तर दोनदा म्हण. औषधाचे थेंब वेळेवर घाल. ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी काढल्यावर तू मला आपादमस्तक न्याहाळून 'जाड झालास' म्हणालीस, ते सगळ्या वॉर्डाने ऐकलं. मला मात्र फार बरं वाटलं.

आता बातमी. मी साहेबांना म्हटलं, तुमचा तो लहान गावांचा पट्टा कोणालाच नको असतो ना, तो मला द्या. साहेबांनी मला तापबीप आहे का ते पाहिलं आणि लगेच सही केली. एक तारखेपासून मी तिकडे. तुझी मागची खोली रिकामी कर. तिथे राहायचं, गाडी रात्री गॅरेजात, पत्ता तुझा, सगळं खरंखुरं. दलालाने त्या रकान्यात जे लिहिलं होतं, त्यातला शब्द न् शब्द आता खरा होणार. विम्याचा हप्ता निम्मा पडेल तो वेगळाच. कंपनीकडे पत्ताबदलाचा अर्ज टाकलाय, उत्तर तुझ्याच पत्त्यावर येईल. या वेळी खणात टाकू नकोस, उघडून वाच.

तुझा,
भोंगा

*

२७ जून

चि. भोंगा यास अनेक आशीर्वाद.

उघडलं आणि वाचलं. खाली ते बारीक अक्षरात छापतात ना, जे कोणी वाचू नये अशीच त्यांची इच्छा असते, तेसुद्धा वाचलं. आता मजा ऐक.

हप्ता निम्मा पडणार नाही. कंपनीने आपल्या गावाचा दर वाढवलाय. कारण असं दिलंय की गेल्या काही वर्षांत इथल्या पत्त्यावरच्या गाड्यांची संख्या फार वाढली आहे आणि त्यांचे अपघातही फार होतात. अरे, आपल्या गल्लीत कुत्रं आडवं झोपलं तर संध्याकाळपर्यंत कोणी उठवत नाही! पण तुम्ही सगळ्या भाच्या-पुतण्यांनी शहरातल्या धडका इथे आणून नोंदवल्यात. आता तू खरा राहायला येणार, तर तुला शहराएवढाच दर. पाववाला कपाळ बडवतोय, त्याची डबडा व्हॅन उभ्या आयुष्यात कोणाला लागलेली नाही. शिंपीणबाई तर जिन्याखाली जाऊन बघून आली, ती आठ जणांची गाडी कुठे दिसते का.

तरी मी तपासनिसाला बोलावून घेतलं. आला माझ्याच गाडीतून, चढावर अजून मागे सोडतो. त्याने तोड काढली. माझ्या नावावर इतक्या वर्षांत एकही दावा नाही, त्याची सवलत अजून जिवंत आहे. अर्जात मुख्य चालक म्हणून माझं नाव घातलं, तू अधूनमधून चालवणारा. हप्ता बराच उतरला. तोंड वाकडं करू नकोस, हेसुद्धा खरंच आहे. पेट्या मागे ठेव, शेजारी बस, मी तुला दुकानोदुकानी नेईन. मला तरी दुसरं काय काम आहे?

आणि लायसन्सची काळजी करू नकोस. परवा माझ्या जुन्या कचेरीत जाऊन परीक्षा देऊन आले. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा परीक्षक होता. घाबरून त्याने पट्टा लावला नाही, म्हणून मी गाडी सुरूच केली नाही. पास केलं त्याने. तुला आता सांगते, गेल्या वर्षी मीच मला नापास केलं होतं. बाजारात एक पोर गाडीसमोर आलं आणि मला ते दिसलंच नाही, त्याची आई किंचाळली तेव्हा कळलं. थोडक्यात वाचलं. तशीच घरी आले, गाडी आत लावली, कुलूप घातलं. कोणाला सांगितलं नाही. ऑपरेशनची भीती वाटत होती रे. आणि ज्या बाईने लोकांना आंधळ्यासारखं चालवू नका म्हणून हाकललं, तिलाच दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं होतं?

तुझी सगळी पत्रं शिंपीणबाईच वाचून दाखवायची. तू एप्रिलमध्ये लिहिलंस की शेवटचं वाक्य मनावर घेऊ नकोस. मी तिला विचारलं, कुठलं गं वाक्य? ती म्हणाली, मशीन चालूच राहिलंय, आणि पळाली. तिने ते गाळलं होतं. गोदामाच्या किल्लीपाशी थांबून 'तुझा लाडका भोंगा' असं स्वतःच्या मनाने वाचलं होतं तिने, आणि मी त्यावर विश्वास ठेवून गाडी विकली. तू माफी मागितली नसतीस तर मला कधी कळलंही नसतं.

दिसायला लागल्यावर पहिलं तेच पत्र शोधून काढलं. वाचलं. दोनदा.

मागची खोली झाडून ठेवली आहे, खिडकीला पडदा लावलाय. एक तारखेला जेवायच्या वेळेपर्यंत ये. आणि बघ, हे आख्खं पत्र मी एका कागदात बसवलंय, किती बारीक आणि सरळ अक्षर आलंय. अक्षर लहान आहे म्हणून राग गेला असं मात्र समजू नकोस. रागावलेलीच आहे. लवकर ये.

तुझी,
आत्या